खाऱ्या वाऱ्यावरचं पोट

बारावीचा निकाल लागला की माझ्या गॅरेजवर गिऱ्हाइकांबरोबर आयाही येऊ लागतात. पदराने घाम पुसायचा, मागे उभ्या असलेल्या पोराकडे एक नजर टाकायची आणि म्हणायचं, "दादानू, ह्येका तुमच्याकडे घेतास काय? घरात बसान नुसतो मोबायल बघता." पोरगा तेव्हा भिंतीवर टांगलेल्या चेन-किटकडे बघत असतो. मग इकडचं तिकडचं बोलून झालं की खरा प्रश्न येतो, तोही आवाज खाली करून: "ह्येच्यात पोट भरता मा?"

भरतं. माझं भरलंय, घर बांधून झालंय, पोरगी शिकतेय. पण ते कशावर भरतं हे त्या माउलीला उभ्या उभ्या सांगता येत नाही. तिला वाटतं, गाड्या वाढल्या म्हणून मेस्त्र्यांचं बरं चाललंय. गाड्या सगळीकडेच वाढल्या. आमचं मालवणातलं पोट भरतं ते खाऱ्या वाऱ्यावर.

गाडी तीच असते. सोलापुरात विकलेली आणि मालवणात विकलेली शंभर सीसीची मोटरसायकल एकाच लाइनीवरून निघालेली असते, पुस्तकही एकच मिळतं. पण सोलापुरात धुळीनं एअर फिल्टर भरतो, रिंगा घासतात, आधी इंजिन थकतं. आमच्याकडे इंजिन ठणठणीत आणि अंग झिजलेलं अशी गाडी येते. सायलेन्सरला खालून भोक, स्पोकची निप्पलं जाम, स्टँडची स्प्रिंग तुटलेली, आणि मालक सांगणार, "इंजिनाक हात लावलेलो नाय अजून." खरं असतं ते. इंजिनाला हात लावायची पाळीच आलेली नसते.

याचं कारण पावसाळ्यात मिठाच्या बरणीत दिसतं. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि ओलं होतं. गाडीवर बसलेलं मीठही तेच करतं. पाऊस थांबला, ऊन पडलं, पत्रा वरून सुकला, तरी सांध्यात अडकलेलं मीठ आतून ओल धरून ठेवतं. लोखंड गंजतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ॲल्युमिनियम आपल्या अंगावर जो पातळ थर धरून स्वतःला वाचवतं, तो थरही मिठातला क्लोराइड फोडतो, म्हणून इंजिनाच्या कव्हरवर आणि हबवर ती पांढरी भुकटी दिसते. उघड्या भागावरचं मीठ पाऊस धुऊन नेतो, सांध्यातलं तसंच राहतं. सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी गाड्या मिठानं जातात, याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. प्रयोगशाळेत रंगाची आणि धातूची परीक्षा घ्यायला एक चाचणी असते: बंद पेटीत, ३५ अंशांवर, ५ टक्के मिठाच्या पाण्याचं सतत धुकं. आमच्याकडे त्या चाचणीला पेटी लागत नाही, गाडी अंगणात उभी केली की झालं.

सगळ्यात जास्त शिकवते ती मासळीची गाडी. गावोगाव मासे विकणारे आता बरेचसे मोटरसायकलवरच फिरतात. मागे कॅरिअरला प्लास्टिकचा क्रेट, आत बांगडे आणि बर्फ, वर ओलं गोणपाट. बर्फ वितळतो आणि क्रेटच्या कोपऱ्यातून ते पाणी ठिबकत राहतं. कुठं पडतं ते बघायचं असेल तर गाडीच्या मागे उकिडवं बसावं लागतं. आधी नंबरप्लेटच्या क्लॅम्पवर, तिथून शॉकअपच्या खालच्या बुशावर, मग स्विंग आर्मच्या आतल्या अंगानं ओघळत ब्रेकच्या रॉडवर आणि चेनवर. सायलेन्सर तापलेला असतो, त्यामुळे त्याच्यावर पडलेलं पाणी चर्र करून उडून जातं आणि मीठ तिथंच बसतं. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर दुसरा थर.

अशी एक गाडी माझ्याकडे बरीच वर्षं येते. तक्रार ठरलेली: "गाडी ओढणा नाय." मालकाच्या मते क्लच प्लेट गेलेली असते. मी मागच्या ड्रमवर हात ठेवतो. हात ठेववत नाही इतका तापलेला. ब्रेक दाबला की लागतो, पण पाय काढला तरी सुटत नाही, कारण ब्रेकचा कॅम, म्हणजे शू फाकवणारा दांडा, ज्या भोकात फिरतो तिथं गंज आणि मीठ मिळून लुकण झालेलं असतं. शू, म्हणजे ब्रेकचे अस्तर लावलेले तुकडे, ड्रमला घासतच राहतात आणि बिचारं इंजिन ब्रेक लावलेली गाडी ओढत असतं. चाक काढायचं, शू काढायचे, कॅमवर थोडं तेल सोडून बाहेरून हलकेच ठोकायचं. एकदम ठोकलं तर आटे बसतात आणि काम वाढतं. बाहेर आला की तो तपकिरी दांडा पॉलिश पेपरनं घासायचा, चमक येईपर्यंत. भोकही आतून साफ करायचं. मग ग्रीस, पण बोटावर जेमतेम दिसेल एवढंच. जास्त झालं तर तापून शूवर उतरतं आणि मग ब्रेकच लागत नाही. नवीन पार्ट एकही नाही. गिऱ्हाइकाला याचे पैसे सांगताना अजूनही जड जातं, कारण बदललेलं असं काही दाखवता येत नाही.

"अरे, पाण्याने तरी धुवत जा रोज," मी त्याला म्हटलं.

"मेस्त्र्यांनू, रोज धुतंय मा!"

"कुठे?"

"खाडयेर."

आता यावर काय बोलणार.

मी काम शिकलो कुडाळात, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस. यामाहाची आरएक्स १०० बंद होऊन थोडीच वर्षं झाली होती (ती १९८५ ते १९९६ चालली) आणि प्रत्येक गॅरेजात दोन-तीन उभ्या असायच्या. १९९४ मध्ये आलेली स्प्लेंडर तोवर मास्तर, तलाठी, पोस्टमन सगळ्यांकडे पोचली होती. उस्तादांनी मला बराच काळ पाना धरू दिला नाही. रॉकेलची परात, ब्रश आणि खोललेले पार्ट, एवढंच माझं जग. तेव्हा राग यायचा. आज मात्र माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी धुवायलाच बसवतो आणि त्यात मला काडीचाही संकोच वाटत नाही. कारण आमच्या भागात गंज कुठून सुरू होतो हे डोळ्यांना उशिरा दिसतं, धुणाऱ्या बोटांना आधी कळतं. टाकीच्या खालची शिवण, बॅटरीच्या ट्रेचा तळ, हेडलाइटच्या भांड्यात बसणारं पाणी, कोन-सेटची, म्हणजे हँडल ज्या बेअरिंगांवर वळतं त्यांची, खालची वाटी. हँडल सरळ रेषेत एके जागी अडकल्यासारखं वाटतं ना, ते तिथलं.

उस्तादांचं दुसरं एक मात्र मी घेतलं नाही. कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, ट्यून करताना ते आमच्याकडे पाठ करून बसायचे. हवेचा स्क्रू किती फिरवला, बंद करून किती उघडला, काही दिसू द्यायचे नाहीत. त्या पिढीत असे पुष्कळ होते. विद्या दिली तर शिष्य समोरच दुकान घालेल ही भीती. घालतोच तो समोर दुकान, न शिकवलं तरी घालतो, फक्त वाईट काम करतो आणि मग सगळ्याच मेस्त्र्यांचं नाव खराब होतं. शिकाऊ पोराला पगार न देणं, पाना फेकून मारणं, यालाही लोक "घडवणं" म्हणतात. मला त्यात घडण्यासारखं काही दिसलं नाही.

पुढे तो स्क्रूच गेला. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमात बसणाऱ्या, गाड्याच विकायच्या असं ठरलं आणि बहुतेक मोटरसायकलींवर कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं, म्हणजे पेट्रोल किती फवारायचं ते गाडीतला कॉम्प्युटर ठरवू लागला. त्याआधी २०१९ च्या एप्रिलपर्यंत १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस (ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारा) आणि खालच्यांना कॉम्बी ब्रेक (एक दाबला की दोन्ही चाकांना लागणारा) सक्तीचा झालाच होता. आमच्या लाइनीतले जुने लोक तेव्हा म्हणाले, संपला धंदा. आता कंपनीचा लॅपटॉप असेल तोच जगणार. काहींनी खरंच दुकानं बंद केली, एकानं रिसॉर्टवर नोकरी धरली.

त्यांना घाबरवणारं जे होतं ते मला एका गाडीनं नीट दाखवलं. मालवणजवळ किनाऱ्यावरच्या देवबागचा एक मुलगा पर्यटकांना भाड्यानं स्कूटर देतो. त्याची एक बीएस-६ स्कूटर चढावर धापा टाकायची आणि पिवळी लाइट लागायची. तो दुसरीकडे दाखवून आला होता. स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड वाचणारं यंत्र, लावल्यावर कोड आला होता थ्रॉटल पोझिशन सेन्सरचा, म्हणजे मूठ किती पिळली ते कॉम्प्युटरला कळवणाऱ्या भागाचा, म्हणून सेन्सर बदला असं सांगितलं होतं. तो बहुतेक वेळा थ्रॉटल बॉडीसकट बदलावा लागतो, म्हणजे खर्च सणसणीत.

मी मल्टिमीटर लावला. या सेन्सरला तीन तारा असतात. एकीवर ५ व्होल्ट, एक अर्थ, आणि मधल्या तारेवर मूठ पिळत जाऊ तसं व्होल्टेज साधारण अर्ध्यापासून चारच्या पुढेपर्यंत सावकाश चढत जायला हवं. सेन्सरच्या अंगावर चढत होतं, अगदी गुळगुळीत. पण कॉम्प्युटरकडे जाणाऱ्या बाजूला मोजलं की मध्येच पडायचं. कपलर, म्हणजे तारा जोडणारा प्लॅस्टिकचा जोड, काढला, टॉर्च मारला. तीन पिनांपैकी दोन पितळी पिवळ्या आणि एक हिरवीगार, तांब्यावरच्या कळंकाच्या रंगाची. काँटॅक्ट क्लीनर, दात घासायच्या जुन्या ब्रशाचे चार केस, रबराची सील नीट बसवली, वरून डायइलेक्ट्रिक ग्रीस, म्हणजे ओल आत न येऊ देणारं, वीज न वाहणारं ग्रीस. लाइट गेली ती गेली.

कोड खोटं बोलत नाही. त्या वाटेनं येणारा निरोप बिघडलाय, इतकंच तो सांगतो. वाटेत काय झालंय ते बघायला कुणीतरी वाकावं लागतं. आणि कंपनीच्या पुस्तकात सेन्सरबद्दल पानभर मजकूर असला, तरी तारकर्लीच्या किनाऱ्यावर रात्रभर उभ्या असलेल्या स्कूटरच्या पिनेचा रंग त्यात कसा असेल? म्हणून मी पोरांना सांगतो, स्कॅनर शिका, नक्की शिका, त्याशिवाय आता गत नाही. पण स्कॅनर बघून झाला की कपलर उपसा.

चाकरमान्यांच्या गाड्यांचा प्रकार वेगळाच. मुंबईहून गणपतीला यायचं, तेव्हा फिरायला गावात एक गाडी हवी, म्हणून ती वर्षभर पडवीत किंवा गोठ्यात उभी. चतुर्थीच्या आधीचा आठवडा मी घरी जेवायला जात नाही, डबा येतो. बॅटरी उतरलेली, ब्रेक चिकटलेले, आणि एअर फिल्टरच्या डब्यात उंदरानं घर केलेलं. वाळलेला पेंढा, गोणपाटाचे धागे, एकदा तर अख्खी गोधडीची चिंधी. वायरी कुरतडलेल्या असल्या तर आणखी मजा. पेट्रोलचं दुखणं हल्ली वाढलंय. पंपावर आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. इथेनॉल पाणी ओढतं, आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं की ते दोघं मिळून पेट्रोलपासून फुटून टाकीच्या तळाला बसतात. तिथूनच तर पेट्रोल इंजिनाकडे जातं. आमच्या दमट हवेत महिनोन् महिने अर्धी टाकी ठेवायची म्हणजे हे आमंत्रणच. एक तर टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवा, नाही तर रिकामी करा. दर वर्षी सांगतो. दर वर्षी मंडळी "व्हय व्हय" म्हणून बस पकडतात.

आता त्या आयांकडे येतो. मुलाला काय शिकवायचं?

दहावीनंतर सरकारी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, तो जमला तर करावा. तिथं मायक्रोमीटर धरायला शिकवतात, वायरिंगचा नकाशा वाचायला शिकवतात, व्होल्ट आणि अँपिअर यांतला फरक पक्का होतो. माझ्या पिढीला हे कुणी शिकवलं नाही, आम्ही झटके खात शिकलो. १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याखाली पुढे कंपनीत किंवा डीलरकडे शिकाऊ म्हणून घेतात, विद्यावेतनही देतात. पण आयटीआयमधलं इंजिन स्टँडवर बसवलेलं असतं, कोरडं, रंगवलेलं. त्याचा एकही बोल्ट कधी जाम झालेला नसतो. जाम बोल्ट न तोडता सोडवणं हे आमच्याकडे निम्मं काम आहे: तेल सोडून रात्रभर ठेवायचं, सकाळी आधी आवळायचा प्रयत्न करायचा आणि मगच सोडवायचा, नाहीच तर शेगडीवर गरम करायचा. हे गॅरेजातच येतं. तेव्हा दोन्ही हवं. आयटीआय झालेला एक मुलगा माझ्याकडे आहे, मला "सर" म्हणतो. मेस्त्री म्हण म्हटलं तर लाजतो.

तब्येतीचंही बोलायला हवं, कारण आमच्यात कुणी बोलत नाही. पेट्रोलनं हात धुवायची सवय वाईट, कातडी फाटते, हिवाळ्यात भेगांतून रक्त येतं. रबरी हातमोजे मिळतात, ते घालणाऱ्याला हसू नये. ब्रेकच्या ड्रममधली भुकटी कॉम्प्रेसरनं उडवायची नाही, जुन्या शूंच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्यानं पुसायची. माझ्या उस्तादांचा खोकला मला अजून ऐकू येतो. तो कशाचा होता ते डॉक्टरच जाणोत, पण भुकटी ते रोज फुंकायचे.

पैशाचं गणित ऋतूंवर चालतं. १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, तेव्हा कोळीवाड्यातल्या गाड्या येतात त्या वहीवर. ती वही नारळी पौर्णिमेनंतर हळूहळू कोरी होते, सगळी कधीच होत नाही. आंगणेवाडीच्या जत्रेला पंक्चर आणि क्लच केबल. मे महिन्यात पर्यटक आणि आंबेवाले. आंबोली घाट स्कूटरवरून उतरून आलेले लोक "ब्रेक लागत नाहीत" म्हणून धास्तावून येतात. स्कूटरला उतारावर इंजिनाचा ब्रेक फारसा मिळत नाही, सगळा भार ड्रमवर, ते तापले की ब्रेक सैल. थांबून गार करायचं, एवढाच उपाय. महिन्याला ठरलेली रक्कम हातात हवी असेल त्यानं डीलरकडे नोकरी करावी, त्यात कमीपणा नाही.

कमीपणा लग्नाच्या बाजारात आहे. पुण्यात कुठल्याशा कंपनीत कंत्राटावर असलेला मुलगा चालतो, त्याचं कंत्राट किती महिन्यांचं हे कुणी विचारत नाही. गावात स्वतःचं दुकान, स्वतःचं घर, आईबापाजवळ राहणारा, तो मात्र "गॅरेजवालो". मुलीकडची माणसं चहा पिताना नखांकडे बघतात. माझ्या वेळेला बघितली, अजून बघतात. बदलेल म्हणतात लोक. मला तशी चिन्हं दिसत नाहीत. त्याच माणसांची गाडी रस्त्यात बंद पडली की फोन कुणाला येतो तेवढं विचारा.

इलेक्ट्रिकबद्दल हल्ली प्रत्येक जण विचारतो. २०२० पासून बजाजची जुनी चेतक स्कूटरसुद्धा बॅटरीवर आली, तेव्हा विषयच मिटला असं काहींना वाटलं. चेन नाही, प्लग नाही, ऑइल नाही, मेस्त्र्याला काम काय? मी जाहिरातीत आयपी ६७ असा आकडा वाचला. म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडवलं तरी पाणी शिरणार नाही. छान आहे. पण ती परीक्षा गोड्या पाण्याची असते. शिवाय ब्रेक आहेतच, बेअरिंग आहेत, शॉकअप, स्टँड, कोन-सेट, आणि कपलर तर पेट्रोलच्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त. उच्च दाबाच्या बॅटरीला न शिकता हात लावायचा नाही, हे मी दुकानात लिहून लावलंय. बाकीच्या अंगाला खारा वारा लागणारच आहे.

माझ्याकडे शिकलेला एक जण आता स्वतःचं टाकतोय. हाताचा नेटका, जरा घाईचा. कॉम्प्रेसर, सॉकेट सेट आणि मॅग्नेट पुलर जमवलाय, स्कॅनर हप्त्यावर घेतोय. बोअर-पिस्टनच्या कामाला कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुणाकडे जायचं ते त्याला दाखवून आणलं. जागा मात्र ठरेना. त्याला देवबागेतच हवी होती, भाड्याच्या स्कूटरी तिथं म्हणून. मी म्हटलं, भाडं नंतर विचार, आधी तिथल्या विहिरीचं पाणी मे महिन्यात चाखून बघ. गाडी धुवायचंच पाणी खारट असेल तर तुझं अर्धं काम तूच बिघडवणार. दोन जागा बघून आला, दोन्हीकडे पाणी मचूळ. आता चौके गावात एक गाळा आहे, पाणी गोड आहे, रस्त्यालगतही आहे, पण मालक डिपॉझिट ऐकेना. रविवारी मी सोबत जाणार आहे. मालकाची बुलेट माझ्याचकडे सर्व्हिसिंगला येते, बघू किती खाली येतो ते.